ओएस/टू आणि उसनं सॉफ्टवेअर

(दृश्य: जुन्या मॉनिटरवर ओएस/टूचा डेस्कटॉप)

१९९२. आयबीएमनं ओएस/टू या आपल्या ऑपरेटिंग सिस्टीमची २.० ही आवृत्ती बाजारात आणली. ३२ बिटांची, दमदार. एकीकडे फ्लॉपी फॉरमॅट होतेय, दुसरीकडे तुम्ही खुशाल पत्र टाइप करताय. त्या वेळच्या विंडोजवर हेच करायला गेलात, तर वाळूचं घड्याळ बघत बसायचं.

मुळात हे काम आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून सुरू केलेलं. पहिली आवृत्ती १९८७ची. पुढे विंडोज ३.० धडाक्यात खपली आणि भागीदारी मोडली.

नवी सिस्टीम घेणारा आधी एकच विचारतो: माझे प्रोग्रॅम हिच्यावर चालतील ना? आयबीएमचं उत्तर तयार होतं. डॉस या विंडोजआधीच्या सिस्टीमचे चालतील, विंडोजचेही चालतील. प्रचारच तसा होता: डॉसपेक्षा सरस डॉस, विंडोजपेक्षा सरस विंडोज.

गिऱ्हाईक खूश झालं, पण पाचर इथंच बसली. सॉफ्टवेअर कंपनीच्या जागी बसून हिशेब करा. विंडोजसाठी लिहिलं की माल दोन्हीकडे खपतो. ओएस/टूसाठी लिहिलं तर एकीकडेच. मग दुसरी टीम पोसायची कशाला?

(दृश्य: अवकाशयानांचा जुना खेळ)

काहींनी पोसली. स्टारडॉक या कंपनीनं ‘गॅलॅक्टिक सिव्हिलायझेशन्स’ हा खेळ खास ओएस/टूसाठी काढला, १९९४ मध्ये. ‘टीम ओएस/टू’ची हौशी मंडळी प्रदर्शनांत उभी राहून लोकांना सिस्टीम दाखवत. पण १९९५ मध्ये विंडोज ९५ आली. तिचे नवे प्रोग्रॅम ओएस/टूवर चालेनात. पुढे स्टारडॉकही विंडोजकडे गेली.

विंडोजचं सॉफ्टवेअर उसनं घेतलं नसतं तर ओएस/टू तगली असती? मला नाही वाटत. बी या कंपनीच्या बीओएस या दुसऱ्या सिस्टीमनं स्वतःच्याच सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवली. २००१ मध्ये पाम कंपनीनं बीची मालमत्ता अवघ्या १ कोटी १० लाख डॉलरना उचलली.

आयबीएमनं २००६च्या अखेरीस ओएस/टूचा आधार काढून घेतला. २०१७ पासून ‘आर्का नोए’ ही कंपनी तीच सिस्टीम ‘आर्काओएस’ या नावानं विकते. विकत घेणारेही आहेत. त्यांची मोठी अडचण ब्राउझरची, कारण आजच्या वेबसाइटसमोर जुना फायरफॉक्स टिकेना. शेवटी क्यूटी ही लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅम बांधायच्या तयार भागांचा संच, ओएस/टूवर आणली गेली. वापरकर्त्यांच्या वर्गणीचा त्याला हातभार लागला. आता तिच्या जोरावर ‘डूबल’ नावाचा ब्राउझर तिथं चालतो.