महासंगणक आणि वाड्याचा चौक

श्रोतेहो, नमस्कार.

पुण्याला महासंगणकाचे अप्रूप नाही. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेने १९९१ मध्ये ‘परम ८०००’ याच शहरात घडवला, आणि पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेत २०१९ मध्ये ‘परम ब्रह्म’ बसवण्यात आला. मात्र अशा यंत्रांपर्यंत जाणारी वाट अजून मोजक्याच लोकांच्या पायाखालची आहे आणि त्यामुळे वास्तुकला व अभियांत्रिकीतील संशोधनाचे नुकसान होते आहे, असे मला कळकळीने वाटते.

मी वास्तुकला शिकवते. माझ्या एका विद्यार्थिनीला पेठेतल्या जुन्या वाड्याच्या चौकातून वारा कसा खेळतो, हे अभ्यासायचे होते. वारा-पाण्याच्या प्रवाहाचे गणित करणारे ‘ओपनफोम’ हे सॉफ्टवेअर २००४ पासून सर्वांना मोफत उपलब्ध असल्याने लायसन्सच्या खर्चाचा प्रश्न नव्हता. मराठी माध्यमात शिकलेल्या, कोडिंगला कधी हातही न लावलेल्या या मुलीने आठवडाभर खपून आपला जॉब, म्हणजे करायच्या गणिताचे काम, सर्व्हरवर पाठवला. तो रात्रभर रांगेत थांबला आणि सकाळी पाहते तर सुरू होताच बंद पडलेला. तिने फोल्डरला ‘जुना वाडा’ असे नाव दिले होते. इंग्रजी लिपीत लिहिलेल्या त्या दोन शब्दांमधल्या मोकळ्या जागेमुळे आज्ञेचे दोन तुकडे झाले आणि यंत्राला फाइलच सापडली नाही. संगणकशास्त्राच्या एका विद्यार्थ्याने त्या मोकळ्या जागी अधोरेषा ( _ ) टाकली आणि काम सुरू झाले. एवढी साधी गोष्ट तिला आधी कोणी सांगितली नव्हती, आणि तोवर ती स्वतःलाच ‘ढ’ समजू लागली होती. त्याचे मला फार वाईट वाटले.

गणित कोण मांडतो, यावर त्यात काय धरले जाते हेही अवलंबून असते. कार्यालयांतील तापमान ठरवताना शरीरातून निघणाऱ्या उष्णतेचा जो आकडा रूढ आहे, तो सरासरी पुरुषाचा असून स्त्रियांच्या बाबतीत ३५ टक्क्यांपर्यंत जास्त ठरू शकतो, असे नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवून दिले. सिम्युलेशन, म्हणजे संगणकावरची नक्कल, कितीही बारकाईने केले, तरी असा आकडा तसाच पुढे जातो आणि अख्ख्या इमारतीत उतरतो.

दृष्टिहीन संशोधकाला टर्मिनलवरची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतली, अक्षरे स्क्रीन रीडर वाचून दाखवतो. त्याचे अडते ते निकालापाशी, कारण आपण उत्तरे केवळ लाल-निळ्या नकाशांत ठेवतो. सोबत आकड्यांचा तक्ता दिला, तर त्यालाही ती तपासता येतील.

प्रत्येक महाविद्यालयात संशोधकांच्या शेजारी बसून महासंगणक वापरायला शिकवणाऱ्या अभियंत्याचे कायम पद असायला हवे. हे काम कोणाच्या फावल्या वेळावर सोडू नये. आम्ही तूर्त शनिवारचे दोन तास त्यासाठी राखले आहेत. तिथे एक वही ठेवली आहे, ज्याला जी चूक भोवली ती त्याने तिच्यात मराठीत लिहायची. पहिल्या पानावर अधोरेषेची हकिकत आहे, त्या विद्यार्थिनीच्याच अक्षरात.