स्टेशन ‘लागते’ म्हणजे नेमके काय होते?

श्रोतेहो, रेडिओच्या बाबतीत आपण दोन क्रियापदे सहज वापरतो: स्टेशन ‘लागते’ आणि संच स्टेशन ‘पकडतो’. त्यातले दुसरे मला थोडे फसवे वाटते. या टेबलावर मी तांब्याच्या तारेचा जो मीटरभर तुकडा ठेवला आहे, त्यात या क्षणी मुंबईतली सगळी स्टेशने एकदम आलेली आहेत. आकाशवाणी आहे, खासगी एफएम केंद्रे आहेत, मोबाइलचे मनोरे आहेत, विमानतळाकडे येणाऱ्या वैमानिकाचे बोलणे आहे आणि या सभागृहातल्या दिव्यांची खरखरही आहे. पकडण्याचे काम तारेने केव्हाच उरकले आहे आणि त्यात तिला काडीचेही कष्ट पडलेले नाहीत. कष्ट आहेत ते पुढे, म्हणजे या गर्दीतले एक ठेवून बाकी सगळे टाकून देण्यात. रेडिओ संचाचा इतिहास हा बव्हंशी या टाकून देण्याच्या कलेचा इतिहास आहे, आणि धावत्या मोटारीत त्या कलेची सर्वांत कठीण परीक्षा होते. म्हणून आज मी प्रक्षेपणाबद्दल थोडे आणि संचाबद्दल, विशेषतः गाडीतल्या संचाबद्दल, अधिक बोलणार आहे.

आवाजाचीच वीज करून ती थेट हवेत का सोडत नाहीत, असे शाळेतली मुले विचारतात, आणि प्रश्न उत्तम आहे. रेडिओलहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर जाते. सेकंदाला एक हजार कंपनांच्या स्वराची तशीच लहर केली, तर तिची लांबी ३०० किलोमीटर भरेल. एरियल नीट चालायचा तर तो तरंगलांबीच्या साधारण चौथ्या हिश्श्याएवढा असावा लागतो, म्हणजे ७५ किलोमीटर. मुंबईपासून सरळ रेषेत मोजले तर लोणावळ्याच्याही पुढे. बरे, असा एरियल उभारलाच, तरी दुसऱ्या केंद्राला जागा कुठे देणार? सगळ्यांचे आवाज त्याच पट्ट्यातले, त्यामुळे वेगळे काढण्याची सोयच उरत नाही. म्हणून प्रत्येक केंद्राला एक स्वतंत्र, खूप वेगाने कंप पावणारी वाहक लहर नेमून दिलेली असते आणि आवाज तिच्या पाठीवर बसवला जातो. आकाशवाणीची मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर आहे, म्हणजे सेकंदाला ५ लाख ५८ हजार कंपने, तिची लहर सुमारे ५३७ मीटर लांब. तिचा चौथा हिस्सा १३४ मीटर. मीडियम वेव्हचे मनोरे इतके उंच का असतात, ते यावरून कळते. तिथे बहुधा मनोऱ्यावर एरियल बसवलेला नसतो, तो लोखंडी मनोराच एरियल असतो.

आवाज पाठीवर बसवायचा म्हणजे काय? मीडियम वेव्हवर वाहक लहरीची उंची आवाजाप्रमाणे कमीजास्त केली जाते. २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र दीड किलोवॅटच्या प्रक्षेपकावर सुरू झाले, तेव्हाही हीच पद्धत होती. तिच्यात दोन अडचणी आहेत. पहिली म्हणजे आपल्याकडे मीडियम वेव्हवर दोन केंद्रांमधले अंतर ९ किलोहर्ट्झच्या पटीत ठेवतात, आणि आवाज वाहक लहरीच्या दोन्ही बाजूंना पसरतो. शेजाऱ्याला धक्का न लावता आवाजातली साडेचार हजारांपर्यंतचीच कंपने नीट पोहोचवता येतात. तबल्याच्या चाटीची धार आणि तानपुऱ्याची झार त्याच्या वर राहून जाते. दुसरी अडचण अशी की वीज चमकणे, मिक्सर चालू होणे, स्विचची ठिणगी हे सगळे उपद्रव लहरीची उंचीच बिघडवतात. आवाज उंचीत आणि खरखरही उंचीत, तेव्हा संचाने कोणाला आत घ्यायचे आणि कोणाला बाहेर ठेवायचे?

एडविन आर्मस्ट्राँग या अमेरिकन अभियंत्याने १९३३ साली ज्याची पेटंटे मिळवली, त्या रुंदपट्ट्याच्या एफएमने हा पेच सोडवला. यात लहरीची उंची कायम ठेवून तिची वारंवारता, म्हणजे सेकंदातल्या कंपनांची संख्या, आवाजाबरोबर मागेपुढे डोलवतात, जास्तीत जास्त ७५ किलोहर्ट्झ इकडे आणि तितकीच तिकडे. मग संचाने येणाऱ्या लहरीचे शेंडे सरळ छाटून टाकले तरी आवाजाला इजा होत नाही. छाटणीत खरखर तेवढी जाते. यासाठी प्रत्येक केंद्राला मीडियम वेव्हच्या वीसपट रुंद जागा द्यावी लागते, म्हणून एफएमला वर, १०० मेगाहर्ट्झच्या आसपास जावे लागले. आपल्या देशात एफएम १९७७ साली मद्रासला आले आणि घराघरात पोहोचायला त्यानंतरही बरीच वर्षे लागली.

आता निवडीकडे वळू. तारेचे वेटोळे आणि कंडेन्सर, म्हणजे समोरासमोरच्या पात्यांवर वीज साठवणारा भाग, एकत्र जोडले की त्यांचा झोक्यासारखा एक ठरावीक लय असतो. त्या लयीत ढकलले तर झोका चढतो, इतर कोणत्याही लयीत ढकलले तर तो जागच्या जागी हलत राहतो. कंडेन्सरच्या पात्या फिरवून लय बदलता येते, आणि आपण काटा फिरवतो तो याचसाठी. पण एक झोका पुरत नाही. शेजारचे जोरदार स्टेशन त्यालाही थोडे हलवतेच, म्हणून सुरुवातीच्या संचांत तीन-तीन झोके एकापाठोपाठ लावलेले असत आणि ऐकणाऱ्याला तीन-तीन मुठी जुळवत बसावे लागे. शिवाय काट्याच्या एका टोकाला निवड काटेकोर, तर दुसऱ्या टोकाला ढिली, असा प्रकार होता.

१९१८ साली, पहिले महायुद्ध चालू असताना, पॅरिसमध्ये अमेरिकन लष्कराच्या संदेशवहन दलात काम करणाऱ्या याच आर्मस्ट्राँगला जो तोडगा सुचला, तो मला एफएमपेक्षाही मोठा वाटतो. निवड करणारे हे झोके म्हणजे चाळणी; ती चाळणी प्रत्येक स्टेशनापर्यंत न्यायची नाही, स्टेशनच चाळणीपर्यंत आणायचे. तानपुऱ्याच्या जोडीच्या तारांपैकी एक किंचित उतरलेली असली की त्यांच्या स्वरांतल्या फरकाइतका एक हेलकावा ऐकू येतो. (काटेकोर बोलायचे तर रेडिओत नुसती बेरीज पुरत नाही, तिथे दोन लहरींचा गुणाकार करणारा भाग लागतो, पण वजाबाकी हाती येते, एवढे साम्य आपल्याला पुरे.) संच स्वतःच्या पोटात एक लहर तयार करतो. ५५८ लावायचे असेल तर ती १०१३ किलोहर्ट्झची असते. १०१३ मधून ५५८ गेले, उरले ४५५. दुसरे स्टेशन लावले की पोटातली लहर तितकीच सरकते आणि पुन्हा ४५५ च उरतात. त्यामुळे खरी चाळणी फक्त ४५५ साठी, एकदाच आणि हवी तितकी बारीक करता येते. जुन्या ट्रान्झिस्टरचे झाकण उघडले तर एकाच दांडीवर फिरणारे पात्यांचे दोन संच दिसतात. त्यातला एक येणाऱ्या स्टेशनाचा आणि दुसरा पोटातल्या लहरीचा. एफएमसाठी हाच आकडा १०.७ मेगाहर्ट्झचा आहे.

ही पोटातली लहर किंचित बाहेरही सांडते. व्याख्यान सुरू होण्यापूर्वी आपण दोन ट्रान्झिस्टर शेजारी ठेवून जो प्रयोग केला, तो तिचाच होता. एका संचावर एक हजार किलोहर्ट्झच्या वरचे स्टेशन चालू ठेवले आणि दुसऱ्याचा काटा त्याच्या ४५५ खाली सावकाश फिरवला, तेव्हा पहिल्या संचात शिट्टी उमटली, खाली उतरत नाहीशी झाली आणि पुन्हा वर चढली. दुसरा संच गप्प होता, त्याचा आवाज पूर्ण बंद होता, तरी तो बोलत होता. विमानात एफएम रेडिओ लावू देत नसत त्याचेही कारण हेच. ९८ ते १०७ मेगाहर्ट्झमधले स्टेशन लावले, तर संचाच्या पोटातली लहर १०८ ते ११८ या विमानांच्या दिशादर्शक पट्ट्यात पडते.

मोटारीत रेडिओ बसवणे म्हणजे, जरा कठोर बोलायचे तर, शत्रूच्या छावणीत तंबू ठोकणे. हाइनरिश हर्ट्झने १८८७-८८ च्या सुमारास कार्ल्सरूह येथे पहिल्या रेडिओलहरी निर्माण केल्या, त्या विजेच्या ठिणगीने. पेट्रोल इंजिन दुसरे काय करते? चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल, तर सेकंदाला शंभर ठिणग्या पडतात. म्हणजे बॉनेटखाली हर्ट्झचा प्रक्षेपक चालू आहे आणि दोन हातांवर डॅशबोर्डमध्ये संच ऐकायला बसला आहे. १९३० साली पॉल गॅल्विन यांनी गाडीतला आपला रेडिओ शिकागोहून अटलांटिक सिटीच्या रेडिओ संमेलनाला नेला आणि आत दालन नव्हते म्हणून बाहेर गाडी उभी करून तो लोकांना ऐकवला. मोटर या शब्दापुढे ‘ओला’ जोडून त्यांनी त्याला मोटोरोला हे नाव दिले, तेव्हा या ठिणग्या दाबणे हेच मुख्य काम होते. प्लगच्या तारांत रोध घातला गेला, डायनॅमोवर कंडेन्सर बसवले गेले. व्हॉल्व्हना, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांना, शंभराच्या वर व्होल्ट लागत आणि बॅटरी सहाची, म्हणून पुढे बॅटरीची वीज तोडत-जोडत वाढवणारा व्हायब्रेटर आला, आणि त्याचे गुणगुणणे संगीताच्या सोबतीला आले. ट्रान्झिस्टरने १९५० च्या दशकात ती ब्याद घालवली.

आमच्या पहिल्या गाडीत ॲक्सिलरेटर दाबला की गाण्यामागे एक ‘कुंईं’ चढत जाई आणि पाय काढला की उतरे. दोनदा कंडेन्सर बदलून झाले. शेवटी कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिशियनने बॉनेटजवळचा एरियलचा नट सोडला, वॉशरखालचा गंज पॉलिश पेपरने घासून पत्रा चकचकीत केला आणि नट पुन्हा आवळला. कुंईं गेले. एरियलची दांडी म्हणजे निम्माच एरियल आहे; उरलेला निम्मा गाडीचा पत्रा असतो आणि त्या दोघांची गाठ त्या वॉशरखाली पडते. ती सुटली की संच इंजिनाचेच ऐकू लागतो. एफएमची लहर तीन मीटरची, तिचा चौथा हिस्सा पाऊण मीटर, आणि जुन्या गाड्यांवरची दांडी बहुतेक तेवढीच असे. आता टपावर जो माशाच्या परासारखा उंचवटा दिसतो, तो लहरीच्या मानाने फार आखूड आहे, म्हणून त्याच्या बुडाशी वर्धक बसवावा लागतो.

सिग्नलला गाडी थांबली की चांगले चाललेले गाणे अचानक खरखरू लागते, आणि हातभर पुढे सरकताच पुन्हा स्वच्छ होते, हा अनुभव इथल्या प्रत्येकाला असेल. प्रक्षेपकाची लहर थेट येते, तशी समोरच्या इमारतीवर आपटूनही येते. काही जागी दोघी एकमेकींना उचलून धरतात, काही जागी खोडून काढतात, आणि खोडल्या जाणाऱ्या जागा साधारण दीड-दीड मीटरवर असू शकतात. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी अशा सेकंदाला अकरा खड्ड्यांतून जाते. तेव्हा खरखर वेगळी न कळता फरफर ऐकू येते. गाडीतला संच इथे एक शहाणपण दाखवतो. स्टिरिओ प्रक्षेपणात डाव्या-उजव्या आवाजांची बेरीज नेहमीच्या जागी असते आणि त्यांची वजाबाकी वर, ३८ किलोहर्ट्झवर बसवलेली असते; १९ किलोहर्ट्झचा एक बारीक सूर ती कुठे आहे ते संचाला सांगतो. वजाबाकीच्या वाट्याला शक्ती कमी आणि खरखर जास्त येते. म्हणून संकेत क्षीण होताच संच हळूहळू वजाबाकी सोडून देतो आणि फक्त बेरीज वाजवतो. गाणे मधोमध गोळा होते, पण तुटत नाही. बहुतेकांना हे कळतही नाही, आणि कळू न देणे हाच त्या रचनेचा हेतू आहे.

उड्डाणपुलाखाली मात्र मीडियम वेव्ह आधी मरते. पाचशे मीटरच्या लहरीला पुलाच्या लोखंडी सळ्यांखालची पोकळी म्हणजे उंबराएवढी. एफएमची तीन मीटरची लहर तिथे वाकून शिरते. द्रुतगती मार्गावरच्या बोगद्यांतही तोंडाशी थोडा वेळ एफएम टिकते ते याचमुळे. विजेवरच्या गाड्यांत ठिणग्या नाहीत, पण मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक्सचा उपद्रव नेमका मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पडतो, म्हणून परदेशातल्या काही कंपन्यांनी ती पट्टीच काढून टाकली. मला हा आळस वाटतो. १९३० सालच्या लोकांनी बॉनेटखालचा हर्ट्झ गप्प केला होता.

शेवटी, चाळणीची मजल जिथे संपते ती जागा. मुंबई आणि पुण्याची काही खासगी केंद्रे एकाच आकड्यावर आहेत, ९८.३ दोन्हीकडे, ९३.५ ही दोन्हीकडे. बोरघाटात दोन्ही लहरी गाडीपर्यंत येतात. वारंवारता एकच, त्यामुळे झोका, वजाबाकी, ४५५, १०.७ यांपैकी कोणीही त्यांना वेगळे करू शकत नाही. मीडियम वेव्हवर असे झाले असते तर दोन निवेदक एकमेकांच्या अंगावर बोलत राहिले असते. एफएममध्ये मात्र छाटणीनंतर थोडी जोरकस असलेली लहर दुसरीला जवळजवळ पूर्ण पुसून टाकते. घाटातल्या एका वळणावर मुंबईची जाहिरात चालू असते, डोंगर आडवा येतो आणि वाक्य अर्धे सोडून पुण्याचा निवेदक बोलू लागतो. पुढच्या वळणावर मुंबई पुन्हा परत येते. त्या वेळी बटणाला कोणी हात लावलेला नसतो.