तुरीच्या डाळीखालची पिशवी

(पडद्यावर: स्वयंपाकघरातली फळी, स्टीलचे डबे. दोन हात एक डबा खाली काढतात.)

तुरीच्या डाळीचा डबा. वर चार बोटं डाळ, खाली गाठ मारलेली प्लॅस्टिकची पिशवी. पिशवीत आधार कार्डाची झेरॉक्स, दोन्ही मुलांचे जन्मदाखले, बँकेचं पासबुक, दवाखान्याचे दोन केसपेपर आणि सुट्या नोटांचे अकराशे रुपये.

घरातल्या पुरुषाचा हात जिथं कधी जात नाही, ती जागा बायकांना बरोबर ठाऊक असते. पूर्वी या डब्यात भिशीचे पैसे असत. आता कागद असतात.

या चित्रफितीत कुणाचाही चेहरा दिसणार नाही. हात दिसतील, पाठ दिसेल, दाराबाहेरच्या चपला दिसतील. जिची गोष्ट तुम्ही ऐकणार आहात ती कुणी एकच बाई नाही, अनेकींच्या अनुभवांतून ती उभी केली आहे. नाव, गाव, तालुका आम्ही काढून टाकलं. उरलं ते फार ओळखीचं निघालं.

(पडद्यावर: सरकारी रुग्णालयाचा लांब बोळ. केसपेपरच्या खिडकीपुढची रांग.)

पहिल्या केसपेपरवर लिहिलंय, ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या.’ दुसऱ्यावरही तेच. मधे दीड वर्ष. दोन्ही वेळा मार डाव्या कानाच्या मागे. न्हाणीत पडणारा माणूस बहुधा हातावर पडतो, कमरेवर पडतो. कानामागे पडत नाही.

हे जिच्या लक्षात आलं ती वॉर्डातली सिस्टर. तिनं नवऱ्याला औषधं आणायला खाली पाठवलं, पडदा ओढला आणि विचारलं, “ताई, घरी कुणी मारतं का?”

इतका साधा प्रश्न, पण तो विचारायला शिकवावं लागतं. मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात 2000 साली घरी मार खाणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ हे केंद्र सुरू झालं, मुंबई महापालिका आणि ‘सेहत’ ही संस्था यांच्या भागीदारीतून. रुग्णालयाच्या आत चालणारं असं हे देशातलं पहिलं केंद्र. त्यामागचा विचार सरळ होता. मार खाल्लेली बाई पोलिसांत जाईलच असं नाही, संस्थेत तर मुळीच नाही, पण टाके घालायला दवाखान्यात येते. मग मदतीनंच तिथं जाऊन बसावं. डॉक्टर, सिस्टर, आया यांना प्रशिक्षण द्यावं. पुढं हे काम मुंबईतल्या इतर पालिका रुग्णालयांतही गेलं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या 2019 ते 2021 च्या फेरीत, महाराष्ट्रातल्या 18 ते 49 वयाच्या, लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे 25 टक्क्यांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. चारातली एक. त्याच पाहणीत देशभरात शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी 77 टक्के बायकांनी ना कुठं मदत मागितली होती, ना कुणाला सांगितलं होतं. मदत मागितली 14 टक्क्यांनी.

तिनंही त्या दिवशी सिस्टरला “नाही” असंच सांगितलं. फक्त जाताना केसपेपर परत मागून घेतला. तो डब्यात गेला.

(पडद्यावर: एसटीची खिडकी. बाहेर मागे पडणारी उसाची शेतं.)

त्यानंतर ती माहेरी गेली. जात्यावरच्या ओव्यांपासून भोंडल्याच्या गाण्यांपर्यंत सासुरवाशिणीनं ज्या जागेची वाट पाहिली, ते माहेर. चार दिवस बरे गेले. पाचव्या दिवशी आई म्हणाली, “पोरांकडं बघ जरा. तूच थोडं पडतं घे.” वहिनी काहीच म्हणाली नाही. ते न बोलणंही तिला कळलं.

भाऊ वाईट नव्हता. रात्री अंगणात खाट टाकून म्हणाला, “आक्का, तुझंच घर आहे हे.” पण तीन वर्षांपूर्वी त्याच भावानं तिला तालुक्याला नेऊन हक्कसोड पत्रावर सही घेतली होती. तिनं आनंदानं केली होती. भावाकडं हिस्सा मागायचा नसतो, मागितला तर माहेर तुटतं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क महाराष्ट्रानं 1994 सालीच दिला, देशानं 2005 साली. कायदा आला तसा तलाठ्याकडं हक्कसोडीचा रस्ताही रुळला. साडीचोळी आणि वर्षाला एक दिवाळी, एवढ्यावर बहिणी सातबाऱ्यावरून उतरतात.

याचा मारहाणीशी काय संबंध, असं कुणी विचारेल. बीना अग्रवाल आणि प्रदीप पंडा या संशोधकांनी केरळमध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यात एक अभ्यास केला, तो 2005 साली प्रसिद्ध झाला. ज्या बायकांच्या नावावर ना जमीन होती ना घर, त्यांच्यातल्या 49 टक्क्यांनी नवऱ्याचा मार सोसला होता. ज्यांच्या नावावर जमीन आणि घर दोन्ही होतं, त्यांच्यात हे प्रमाण 7 टक्के. जिला जायला जागा आहे, तिच्यावर हात उचलताना माणूस विचार करतो.

तिला जागा नव्हती. आठव्या दिवशी नवरा न्यायला आला. सासरा, दोन पाहुणे, एक माजी सरपंच. शंभराच्या स्टँपपेपरवर लिहून दिलं, ‘यापुढे मारहाण करणार नाही, नीट नांदवीन.’ सगळ्यांनी चहा घेतला.

नांदणं हा खरं तर किती चांगला शब्द आहे. सुख नांदतं, लक्ष्मी नांदते. पण माणसांत तो बायकांपुरताच उरला. नवरा नांदतो असं कुणी म्हणत नाही, तो फक्त नांदवतो.

स्टँपपेपरची झेरॉक्स तिनं डब्यात ठेवली.

(पडद्यावर: रात्र. बंद दार, दाराची कडी.)

ती पुन्हा परत गेली, त्यानंतर आणखी एकदा. बाहेरच्या माणसाचा इथं संयम सुटतो. “एवढं होतं तर मग गेलीच कशाला?” या कामात वर्षानुवर्षं असलेल्या समुपदेशक हा प्रश्न विचारत नाहीत. प्रत्येक परत जाण्यात बाई काहीतरी तपासून बघत असते. तो बदलतोय का, मुलं झेपतील का, आपल्याला एकटीला भीती किती वाटते. मुंबई पोलीस आयुक्तालयाच्या आवारात 1984 साली टाटा समाजविज्ञान संस्थेनं महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. पोलिसांच्या इमारतीत, पण वर्दी न घातलेल्या समाजकार्यकर्त्या. पुढं राज्य शासनानं तो स्वीकारला आणि आज जिल्ह्याजिल्ह्यांत असे कक्ष आहेत. आत टेबल, दोन खुर्च्या, पाण्याची बाटली. तीच बाई तिसऱ्यांदा आली तरी तिची फाईल पहिल्या पानापासून उघडत नाहीत, गेल्या वेळी जिथं थांबली होती तिथून पुढं बोलतात.

एका रात्री मुलीनं, नऊ वर्षांच्या, मधे पडून मार खाल्ला. त्या रात्री तिनं डबा उपडा केला. डाळ फरशीवर सांडली. ती तशीच टाकून ती निघाली.

रस्त्यावरून तिनं 181 हा महिला हेल्पलाईनचा नंबर लावला. तो चोवीस तास चालतो. पोलीस लगेच हवे असतील तर 112. 181 वरून तिला जिल्ह्याच्या सखी वन स्टॉप सेंटरचा पत्ता मिळाला. हिंसेतून सुटून आलेल्या बायकांसाठीची ही सरकारी केंद्रं 2015 पासून आहेत, आणि तिथं साधारण पाच दिवस राहता येतं. बारा वर्षांच्या संसारातून बाहेर पडलेल्या बाईला पुढचं सगळं ठरवायला पाच दिवस! ज्यानं हा आकडा ठरवला त्यानं कधी भाड्यानं खोली शोधलेली नसावी.

पाच दिवसांनंतर निवारागृह. पुण्याजवळ वढू बुद्रुकला, जिथं संभाजी महाराजांची समाधी आहे, तिथं 1997 साली असं एक घर सुरू झालं. सुरू करणाऱ्या सिस्टर ल्युसी कुरियन मूळच्या केरळच्या. त्याआधी काही वर्षं एक गरोदर बाई त्यांच्याकडं आसरा मागायला आली होती, नवरा मारून टाकेल म्हणत होती. दुसऱ्या दिवशी ये, असं सांगावं लागलं. त्याच रात्री नवऱ्यानं तिला पेटवलं. ती वाचली नाही. पुढं जे घर उभं राहिलं त्याला नाव दिलं, ‘माहेर’.

(पडद्यावर: न्यायालयाच्या आवारातलं झाड. पारावर बसलेल्या बायका, मांडीवर पिशव्या.)

आता कागदांचं राज्य सुरू होतं. घरगुती हिंसाचारापासून महिलांच्या संरक्षणाचा कायदा 2005 चा, लागू झाला 26 ऑक्टोबर 2006 ला. संरक्षण अधिकाऱ्याकडं जायचं. ते घटनेचा अहवाल भरतात, त्याला पैसे पडत नाहीत. मग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं अर्ज. वकील सरकारी खर्चानं मिळतो, कारण 1987 च्या विधी सेवा कायद्यानं कुठल्याही बाईला, तिचं उत्पन्न कितीही असो, मोफत वकिलाचा हक्क दिला आहे. त्यासाठीचा नंबर 15100. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत, निकाल साठ दिवसांत द्यायचा प्रयत्न करावा, असं कायद्यात लिहिलं आहे. पारावर बसलेल्या बायकांना हे वाचून दाखवलं तर त्या हसतात. हसण्यात राग नसतो. फक्त हसतात.

पण दवाखान्याचे ते दोन केसपेपर इथं कामाला आले. आणि स्टँपपेपरची झेरॉक्सही. ‘यापुढे मारहाण करणार नाही’ असं लिहून देणाऱ्यानं यापूर्वी केली होती हे आपल्याच सहीनं कबूल केलेलं असतं. माजी सरपंचांना हे सुचलं नव्हतं.

मोठा झगडा राहण्याच्या हक्काचा. घर सासऱ्याच्या नावावर. सर्वोच्च न्यायालयानं 2006 साली बत्रा खटल्यात म्हटलं होतं की सासू-सासऱ्यांच्या मालकीच्या घरावर सुनेला राहण्याचा हक्क सांगता येत नाही. आपल्याकडं तरुण जोडप्याचं स्वतःच्या नावावर घर असतं तरी किती? त्या एका निकालानं कितीतरी जणींचे अर्ज अडले. 15 ऑक्टोबर 2020 ला आहुजा खटल्यात न्यायालयानं तो निकाल चुकीचा ठरवला. जिथं तुम्ही संसार केलात ते घर सासऱ्याच्या नावावर असलं तरी तिथं राहण्याचा हक्क मागता येतो. मधली चौदा वर्षं मात्र कुणी भरून दिली नाहीत.

तिला त्या घरात परत जायचं नव्हतं. तिला भाडं हवं होतं, पोटगी हवी होती आणि आईनं घातलेली बोरमाळ. बोरमाळ स्त्रीधन. मिळायला सात महिने लागले.

(पडद्यावर: शहराच्या कडेची चाळ. ‘खोली भाड्याने देणे आहे’ असा हाताने लिहिलेला फलक.)

“मिस्टर काय करतात?” प्रत्येक घरमालकाचा पहिला प्रश्न हाच. पाचव्या ठिकाणी ती म्हणाली, दुबईला असतात. खोली मिळाली.

म्हणून मंगळसूत्र अजून गळ्यात आहे. सुटलेल्या पुष्कळ जणी ते काढत नाहीत. बघणाऱ्याला वाटतं, मन अडकलंय. मन नाही, खोली अडकलेली असते. रात्रपाळीहून येताना रिक्षात ते पदराबाहेर काढून बसायचं.

गावात मात्र तिला म्हणतात, टाकलेली. ती स्वतः उठून बाहेर पडली, तरी शब्दात टाकणारा तोच. 1980 च्या दशकात संगमनेरला, सांगली-साताऱ्याकडं याच बायका परित्यक्ता म्हणून संघटित झाल्या. त्यांनी मोर्चे काढले, आणि त्यांच्या मागण्यांत एक मागणी स्वतंत्र रेशनकार्डाची होती. शहरातल्या काही लोकांना तेव्हा ती फार किरकोळ वाटली असेल.

संस्थेनं विचारलं, शिलाई मशीन देऊ का? सुटलेल्या बाईला शिलाई मशीन द्यायची आपल्याकडं रीतच पडली आहे, जणू प्रत्येकीच्या बोटांत जन्मतः सुई असते. तिला शिवणकामाचा मनापासून कंटाळा. तिनं पेशंट सांभाळायचं काम धरलं. म्हाताऱ्यांना उठवणं, पुसणं, भरवणं. बारा तासांची पाळी. पाठ मोडते, पण महिन्याच्या सात तारखेला खात्यात पैसे येतात आणि ते खातं फक्त तिचं आहे.

झोप मात्र उशिरा आली. बाहेर मोटारसायकल थांबली की अंग आपोआप भिंतीकडं सरकायचं. मुलगा सहा वर्षांचा, ताटातलं काही सांडलं की आधी आईच्या हाताकडं बघायचा. एकदा पातेलंभर दूध त्याच्या हातून गेलं. ती फडकं घेऊन खाली बसली, तोही बसला, दोघांनी पुसलं. तो बराच वेळ वाट बघत होता. काहीच झालं नाही. त्या रात्री तो लवकर झोपला, असं ती सांगते, आणि हे सांगताना पहिल्यांदाच थांबते.

(पडद्यावर: रास्त भाव दुकान. वजनकाटा, पोती, अंगठा घेण्याचं यंत्र.)

नव्या रेशनकार्डासाठी जुन्या कार्डातून नाव कमी व्हावं लागतं, आणि जुनं कार्ड नवऱ्याकडं. तहसीलच्या पुरवठा शाखेत तिच्या अकरा चकरा झाल्या. शेवटी न्यायालयाचा आदेश जोडला, तेव्हा काम झालं.

2013 च्या अन्न सुरक्षा कायद्यानं घरातली सगळ्यात मोठी सज्ञान बाई ही रेशनकार्डासाठी कुटुंबप्रमुख. तिच्या कार्डावर त्या रकान्यात तिचं नाव आहे. खाली सदस्य दोन. मुलीनं ते पान उलटसुलट करून तीनदा वाचलं आणि विचारलं, “प्रमुख म्हणजे तूच ना?”

आज पहिलं धान्य. दुकानदार यंत्र पुढं करतो. ती अंगठा लावते. यंत्र लाल होतं. भांडी, फिनाईल, म्हाताऱ्यांची अंथरुणं धुऊन धुऊन अंगठ्याच्या रेघा पुसट झाल्यात.

“पुसून पुन्हा लावा, मावशी.”

ती पदराला अंगठा पुसते. पुन्हा लावते. मागं रांग थांबलेली. पुन्हा एकदा.

पावती निघते.