आउगुस्टेबाईंची झोप

श्रोतेहो, नमस्कार. अल्झायमर या विसरण्याच्या आजारावर बोलायचं म्हटलं की मला आधी जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या आउगुस्टे डेटरबाईंची गोष्ट सांगावीशी वाटते. ऐका तर.

साल १९०१, महिना नोव्हेंबर. बाईंचं वय ५१, नवरा रेल्वेत कारकून. बाई आधी नवऱ्यावर संशय घेऊ लागल्या. मग स्वयंपाक बिघडू लागला, घरातल्या वस्तू इकडच्या तिकडे करून लपवू लागल्या. अखेर नवऱ्यानं त्यांना मनोरुग्णालयात नेलं. घरच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीत स्मरणशक्ती ढासळल्याचं होतं, भ्रमांचं होतं, आणि झोप लागत नाही, हेही होतं. झोप लागत नाही, हे ध्यानात ठेवा.

तिथले डॉक्टर आलोइस अल्झायमर. त्यांनी विचारलं, नाव काय? “आउगुस्टे.” आडनाव? “आउगुस्टे.” नवऱ्याचं नाव? “मला वाटतं, आउगुस्टे.” जेवणात फुलकोबी आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय? “पालक.” डॉक्टरांनी शब्द न् शब्द टिपून ठेवला. १९०६च्या एप्रिलमध्ये बाई गेल्या. डॉक्टरांनी त्यांचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत निष्कर्ष मांडले. सभेत कुणी एक प्रश्न विचारला नाही!

बाईंची फाईल पुढे गहाळ झाली, ती १९९५ साली फ्रँकफर्टमध्येच सापडली. नाहीतर आपण! आजोबांची पत्रं, आजीचे दवाखान्याचे कागद दिवाळीच्या साफसफाईत किलोच्या भावानं रद्दीवाल्याला. मला याचा फार राग आहे. असो.

आता झोपेकडे येऊ. मेंदू जिथे खाली पाठीच्या कण्याकडे उतरतो, तो देठ म्हणजे ब्रेनस्टेम. त्यात निळसर रंगाचा एक इवलासा पुंजका आहे, लोकस सेरुलिअस. आपल्याला जागं आणि सावध ठेवणं हे त्याचं काम. गाढ झोपेत तो मंदावतो, स्वप्नांच्या झोपेत जवळजवळ गप्प होतो. हाइको ब्राक या जर्मन मेंदूतज्ज्ञांनी सहकाऱ्यांसह २३३२ मेंदू तपासून २०११ साली दाखवलं, की अल्झायमरमध्ये दिसणारा टाऊ नावाच्या प्रथिनातला बिघाड बहुधा पहिल्यांदा या पुंजक्यात दिसतो, तोही कधीकधी ऐन तरुणपणी. पुन्हा सांगतो, आधी देठात, आठवणींच्या भागात नंतर. अशा प्रत्येकाला पुढे आजार होतोच असं मात्र नाही.

आजार पुढे सरकतो तशा जागं ठेवणाऱ्या या पेशी मरत जातात. झोप-जागेचं वेळापत्रकच विस्कटतं. माणूस दुपारभर डुलक्या घेतो, रात्री दोन वाजता उठून कपाटं उघडतो. त्यांच्यावर ओरडू नका, ते मुद्दाम करत नाहीत.

झोप उडाली म्हणजे अल्झायमरच, असंही समजू नका. चिंता, प्रोस्टेट, संध्याकाळी उशिराचा चहा अशी कारणं पुष्कळ. (चहा चारनंतर घेऊच नये, हे माझं मत, घरात कुणी ऐकत नाही.) पण साठीनंतर विसरणं आणि झोप बिघडणं ही जोडी नव्यानं दिसली, तर आठवडाभर वहीत वेळा लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. घोरताना श्वास अडकतो का, तेही लिहा, कारण त्यावर उपचार आहेत. औषधाच्या दुकानातून मनानं झोपेची गोळी मात्र आणू नका. काही गोळ्यांनी वयस्कर माणसाचा गोंधळ आणखी वाढतो.