उजेड आधी, ऊब मागून

मंडळी, नमस्कार. विषय दिलाय वसंत जवळ येताना छोट्या शेतावरचं रोजचं आयुष्य, आणि वसंत म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यापुढे फुलं येतात, पाखरं येतात, कवी लोक येतात. शेतावर मात्र त्याच्या आधीचे जे सहा-आठ आठवडे असतात ना ते वर्षातले सगळ्यात चिवट आठवडे. फुलं नाहीत, गवत नाही, विकायला काही नाही, खर्च मात्र सगळे सुरू, बियाणं घ्यायचं, खाद्य घ्यायचं, कुंपण दुरुस्त करायचं, आणि हातात पैसा येणार तो उन्हाळ्यात. मी आज तेवढ्या आठवड्यांबद्दलच बोलणार आहे. जिथे खरा हिवाळा पडतो, बादलीतलं पाणी गोठतं, माती दगडासारखी होते, त्या भागातलं. उत्तर गोलार्धात हे फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं, दक्षिणेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, बाकी गोष्ट तीच.

तर माझं म्हणणं एवढंच आहे की उजेड आणि ऊब बरोबर येत नाहीत. उजेड आधी येतो, ऊब मागून येते, आणि मधल्या काळात शेतावर जे काही चालतं ते सगळं या दोघांमधलं अंतर सांभाळण्याचं काम असतं. हे एकदा डोक्यात बसलं की मग कोंबडी अशी का वागते, शेळी याच दिवसांत का व्यायला येते, मटार का कुजतो, सगळं आपोआप लागत जातं.

उत्तर गोलार्धात २१-२२ डिसेंबरला सगळ्यात छोटा दिवस. तिथून दिवस वाढायला लागतो पण सुरुवातीला इतका हळू की कळतही नाही, रोज काही सेकंद. मग वेग वाढत वाढत २०-२१ मार्चच्या सुमाराला सगळ्यात जास्त, म्हणजे ४५ अंश अक्षांशावर रोज साधारण ३ मिनिटं, आठवड्याला वीसेक मिनिटं. आता सूर्य परतला म्हणजे थंडी कमी व्हायला पाहिजे ना? नाही होत. कारण जमिनीतून आणि पाण्यातून जितकी उष्णता बाहेर जाते तितकी मिळेपर्यंत अजून बरेच आठवडे जायचे असतात, तोपर्यंत दिवस मोठा होतोय आणि थंडीही वाढतेय, दोन्ही एकाच वेळी. म्हणून सगळ्यात कडक थंडी बहुतेक ठिकाणी सगळ्यात छोट्या दिवसाच्या नंतरच येते.

आता कोंबडीला हे कोणी सांगत नाही. ती चालते उजेडावर. आणि गंमत म्हणजे फक्त डोळ्यांनी नाही, तिच्या मेंदूतच उजेड ओळखणाऱ्या पेशी असतात, उजेड कवटीतून आरपार तिथपर्यंत पोचतो. दिवस लहान झाला की अंडी बंद, दिवस ११-१२ तासांकडे सरकायला लागला की पुन्हा सुरू, आणि १४ तासांच्या पुढे गेला की जोरात. बाहेर बर्फ असला तरी तिला फरक पडत नाही. म्हणून शेतावर वसंताची पहिली बातमी झाडावर मिळत नाही, खुराड्यात मिळते. पण एक अंडं तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले जवळजवळ २० तास नुसत्या कवचाला, आणि एका कवचात साधारण २ ग्रॅम कॅल्शियम जातं. खाद्यात तेवढं नसेल तर ती स्वतःच्या हाडांतून काढते. मग सकाळी तुम्ही खुराड्यात हात घालता आणि हाताला अंडं लागतं ते गार, लिबलिबीत, बोट दाबलं तर खड्डा पडणारं, कवचच नाही, नुसती पातळ पिशवी. लोक घाबरतात, रोग आला म्हणतात. दरवेळी रोगच असतो असं नाही. या दिवसांत शिंपल्यांची भरड वेगळ्या भांड्यात ठेवायची, खाद्यात कालवायची नाही, जिला गरज आहे ती बरोबर जाऊन खाते.

शेळ्यांचं उलटं. शेळ्या-मेंढ्या माजावर येतात ते दिवस लहान व्हायला लागल्यावर, शरद ऋतूत. गाभण राहिल्यापासून १५० दिवस धरा, म्हणजे ऑक्टोबरच्या सुरुवातीला लागलेली शेळी मार्चच्या सुरुवातीला व्यायला येते. याचा अर्थ आज रात्री गोठ्यात जे करडू पडणार आहे त्याची तारीख गेल्या वर्षीच्या मावळत्या उजेडानेच ठरवून ठेवली होती. रानात याला अर्थ आहे, पिल्लू चालायला लागेपर्यंत गवत वर येतं. पण पोटातल्या करडाची सत्तरेक टक्के वाढ शेवटच्या सहा आठवड्यांत होते, आणि ते सहा आठवडे नेमके चारा संपत आल्याचे. त्यात जुळी असतील तर ती पोटात इतकी जागा अडवतात की शेळीला भूक असूनही खाता येत नाही. अशी शेळी अंगातली चरबी जाळायला लागते, मग सुस्त होते, कोपऱ्यात उभी राहते, खाणं सोडते, आणि तेव्हा डॉक्टरला बोलवायला उद्याची वाट बघायची नसते. म्हणून या काळात तिला जास्त नाही, चांगलं द्यायचं असतं. गंजीतलं सगळ्यात हिरवट, पानाचं वाळलेलं गवत हे गाभण शेळीचं, आणि जाड काड्यांचं उरलेलं बाकीच्यांचं. काही लोक चांगलं गवत आधी घालून मोकळे होतात कारण ते गंजीवर वर असतं, हे मला कधी पटलेलं नाही.

रात्रीची गोष्ट सांगतो. शेळी व्यायला बसली, तर आधी काय दिसायला पाहिजे? दोन पुढचे खूर आणि त्यावर टेकलेलं नाक. एवढं दिसलं की हात मागे घ्या आणि गप्प बसा, बहुतेक वेळा तुमची गरज नसते. एकच खूर आणि नाक, किंवा नुसती शेपटी, तेव्हा मात्र मदत लागते. करडू खाली पडलं की नाकातोंडातला चिकटा पुसायचा, शेळीला चाटू द्यायचं, नाळेला आयोडिन लावायचं, आणि मग सगळ्यात महत्त्वाचं, चीक. शेळीची वार आईच्या रक्तातली प्रतिकारशक्ती पिल्लापर्यंत जाऊ देत नाही, त्यामुळे करडू जन्मतं ते कोरं, आणि आतडं ती शक्ती चिकातून घेऊ शकतं ते पहिले काही तास चांगलं, चोवीस तासांनी जवळजवळ नाहीच. पहिल्या दिवसात वजनाच्या १० टक्के चीक पोटात जायला हवा, ३ किलोचं करडू म्हणजे ३०० मिली, आणि त्यातला पहिला घोट पहिल्या एक-दोन तासांत. पण थंडीच्या रात्री एक अडचण असते, करडू गारठलेलं असतं. त्याच्या तोंडात बोट घालून बघा. आत गार लागलं तर आधी पाजायचं नाही, आधी पुसून कोरडं करून ऊब द्यायची, कारण गारठलेलं पोट दूध पचवत नाही आणि त्याला नीट गिळताही येत नाही, दूध फुप्फुसात जाऊ शकतं. आधी ऊब, मग चीक. रात्री तीन वाजता डोकं चालत नाही तेव्हा एवढा क्रम आठवला तरी पुरे.

आणि तेच माणूस सकाळी सहाला बादल्यांवरचा बर्फ फोडत असतं, सातला पोरांना शाळेत धाडत असतं, आणि बऱ्याच घरांत आठला दुसऱ्या नोकरीवर निघतं. छोट्या शेताचं हेच आहे. जगात ६० कोटींच्या वर शेतं आहेत आणि त्यातली पाचातली चार २ हेक्टरपेक्षा छोटी, म्हणजे हे काही चार हौशी लोकांचं प्रकरण नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१४ हे कुटुंब शेतीचं वर्ष म्हणून जाहीर केलं, मग २०१९ ते २०२८ अख्खं दशक जाहीर केलं, चांगलंच आहे, फक्त शेळ्यांना कुणी कळवलं नाही त्यामुळे त्या अजून रात्रीच वितात. मोठ्या शेताला चारा कमी पडला तर ट्रकभर मागवतात, रात्रपाळीला माणूस असतो. छोट्या शेतावर गंजीत जे आहे तेच आहे आणि माणसं घरातलीच आहेत. म्हणून मोजणी लागते. ४०० किलोची गाय रोज ८ ते १० किलो कोरडा चारा खाते, पायाखाली जातो तो वेगळा. कागदावर गुणाकार करा आणि गवत वर यायच्या तुमच्या अंदाजाच्या पुढे अजून तीन आठवडे धरा. ते तीन आठवडे का, ते शेवटी सांगतो.

आता माती. स्वच्छ ऊन पडलं, दिवस मोठा झालाय, हात शिवशिवतात, वाटतं लावून टाकूया काहीतरी. माती मात्र उजेडाकडे बघतच नाही, ती उबेवर चालते. मटार ५ अंशांनाही उगवतो पण महिन्याहून जास्त वेळ घेतो, तेवढ्यात उंदीर नाहीतर बुरशी त्याचा निकाल लावते, तोच मटार १५ अंशांना नऊ-दहा दिवसांत वर येतो. म्हणजे तीन आठवडे घाई करून हातात पडतात चार-पाच दिवस, तेही उरलेल्या दाण्यांचे. टोमॅटोचं बी तर १० अंशांना दीड महिना पडून राहील आणि २५ अंशांना आठवड्यात उगवेल. आणि वाफसा नसताना, म्हणजे माती कामाजोगी सुकलेली नसताना, ओल्यात पाय घालणं हे त्याहून वाईट. वीतभर खालची माती मुठीत घ्या, दाबा, अंगठ्याने टोचा. भुगा झाला तर चला. चिकणमातीच्या गोळ्यासारखी राहिली, बोटांचे ठसे उमटले, तर फावडं परत भिंतीला. ओल्यात दाबली गेलेली जमीन वर्षभर ढेकळं देते, मुळं आत शिरत नाहीत. जनावरांच्या खुरांनी तर जास्तच, म्हणून या दिवसांत एक वाफा किंवा एक छोटा कोपरा चिखलाला अर्पण करून टाकायचा आणि जनावरं तिथेच ठेवायची. तो कोपरा घाण दिसतो, पाहुणे नाक मुरडतात, मुरडू द्या.

घरात मात्र हे अंतर उलटं होतं बरं का. खिडकीत रोपांचे ट्रे ठेवलेत, घर गरम आहे, बी धडाधड उगवतं, पण उजेड अजून हिवाळ्याचा आणि तोही एकाच बाजूने. इथे ऊब पुढे गेली आणि उजेड मागे राहिला. मग रोपं लांबट, पांढुरकी, खिडकीकडे वाकलेली. खत घालून ती सुधारत नाहीत, खत म्हणजे अजून पळवणं. उगवल्यावर थोड्या गार खोलीत ठेवा, उजेड वाढवा, दिवा लावायचा तर रोपाच्या अगदी जवळ.

झाडांकडे आलो की मला लोकांची उगाच आलेली खुशी दिसते. फेब्रुवारीत आठ दिवस ऊन तापलं की काय छान हवा म्हणतात. सफरचंदासारख्या झाडाला आधी थंडीचे ठराविक तास भरावे लागतात, बऱ्याच वाणांना ७ अंशांखालचे ८०० ते १००० तास, ते भरले की झाड नुसत्या उबेची वाट बघत असतं. अशात अवेळी ऊब आली की डोळे, म्हणजे फांदीवरच्या मिटलेल्या कळ्या, फुगतात. मिटलेला डोळा कडाक्याची थंडी सहज झेलतो, पण उमललेलं फूल उणे २ ला जळायला लागतं आणि उणे ४ ला जवळपास सगळा फुलोरा जातो. एका रात्रीचं काम. सकाळी फूल वरून पांढरं सुंदरच दिसतं, मधोमध उघडून बघितलं तर आत काळा ठिपका. तिथे यंदाचं फळ संपलं. त्यामुळे शेतकरी छान हवेला शिव्या देताना दिसला तर त्याला वेड लागलेलं नसतं. छाटणी मात्र उरकून घ्या, डोळे फुगायच्या आत.

मधमाश्यांचंही थोडक्यात. सगळ्यांना वाटतं कडाक्याच्या थंडीत माश्यांच्या वसाहती मरतात. बऱ्याचशा मरतात त्या थंडी संपताना, भुकेने. कारण राणी अंडी घालायला लागलेली असते आणि अंड्या-पिल्लांची जागा ३३ ते ३६ अंशांवर ठेवायची तर माश्यांना मध जाळावा लागतो, आणि बाहेर अजून फूल नाही, उडायलाही दहा-बारा अंश तरी पाहिजेत. अशी पेटी उघडलेली बघितलीय मी, माश्या घरांत डोकं खुपसून मेलेल्या आणि चार बोटांवर मध शिल्लक, पण थंडीत घोळका सोडून तिथपर्यंत जाता आलं नाही. पेटी न उघडता मागून एका हाताने किंचित उचलायची, वजनावरून कळतं. हलकी लागली तर साखर द्या, वाट बघू नका.

एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली होती, गवत हिरवं दिसलं की जनावरं सोडायला काय हरकत आहे. हरकत आहे. माती ५-६ अंशांच्या वर गेली की गवत हलायला लागतं, पण पहिलं पान ते मुळातल्या साठ्यावर काढतं. ते पानच खाल्लं तर मूळ रिकामं होतं आणि पुढचा सगळा हंगाम ते कुरण मागे राहतं. तीन पानं येऊ द्या, वीतभर होऊ द्या. दुसरं, जनावराच्या पोटात चारा पचवणारे जे जंतू असतात ते हिवाळाभर कोरड्या गवतावर जमलेले असतात, त्यांना बदलायला दोन-तीन आठवडे लागतात. भुकेलं जनावर एकदम कोवळ्या गवतावर सोडलं तर पोट फुगतं, आणि दुभत्या गाईला त्या गवतातलं मॅग्नेशियम कमी पडून झटकेही येतात, तासाभरात गाय जाऊ शकते. म्हणून पहिल्या दिवशी आधी गव्हाणीत पोटभर वाळलेलं गवत, मग अर्धा तास बाहेर, दव उडाल्यावर. दुसऱ्या दिवशी तासभर. असं वाढवत न्यायचं. मघाशी जे तीन आठवडे जास्तीचे धरायला सांगितले ना, ते यासाठी. कुरण हिरवं झाल्यावरही गंजी लागते, आणि बरेच जण नेमके तोवर ती झाडून मोकळे झालेले असतात. चला, वेळ झाला, चहा आलाय, उरलेले प्रश्न चहाबरोबर विचारा.