काळी चार, कॅपो एक

(दृश्य: इंदूर, रविवारची सकाळ. पोह्यांच्या दुकानापाशी गर्दी. कॅमेरा गल्लीत वळतो. एका ख्रिस्ती घरातून पेटी ऐकू येते. आत आजी-आजोबा ते नातवंडं सगळे मिळून उपासना करताहेत.)

होळकरांच्या इंदुरात मराठी जुनीच. 1877 मध्ये इथे कॅनडाचे प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मिशनरी आले, दहा वर्षांनी इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू झालं. या कुटुंबाच्या चर्चमध्ये उपासना हिंदीत होते. आजोबा नोकरीसाठी अहमदनगरहून आलेले. मराठी उपासना ते घरीच ठेवतात. नातेवाईक येतात, दोन-चार शेजारी येतात.

आजी गातात ते मराठी ख्रिस्ती कवी रेव्हरंड टिळकांचे अभंग. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि ख्रिस्तभक्ती अभंग-ओवीत गायली. पेटी-तबला या घरात तेव्हापासूनचा म्हणायचा. नातवाकडे मात्र गिटार. सुरुवातीला जमेना, कारण आजींची पट्टी काळी चार, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी हा त्यांचा सा. नातवाने कॅपो, म्हणजे तारा दाबून सूर चढवणारा चिमटा, गिटारच्या पहिल्या पडद्यावर लावला, ‘जी’चे कॉर्ड धरले, सूर लागला. तालाचा प्रश्नच आला नाही: भजनी ठेका आठ मात्रांचा, गिटारचे चार-चार ठोके त्यात आपसूक बसतात.

“आजी, दुसऱ्या कडव्याला तू पळतेस.”
“मी नाही रे, तबला पळतो.”

(तबल्यावर मामा आहेत. ते काही बोलत नाहीत.)

पुष्कळ चर्चच्या मंडळ्या वर्षातून एकदा ‘युवा रविवार’ करतात. त्या दिवशी सगळं तरुणांनी करायचं, मोठ्यांनी पाहुण्यासारखं बसायचं. पुढच्या रविवारी उलट. याला एकत्र उपासना कसं म्हणायचं? लहानांना तर प्रवचनाआधीच संडे स्कूलला धाडतात. इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरच्या रॉबर्ट रेक्स यांनी 1780 मध्ये या शाळांना चालना दिली, ती आठवडाभर कामाला जुंपलेल्या मुलांना रविवारी तरी लिहावाचायला मिळावं म्हणून. मोठ्यांना चुळबुळ नको, हे कारण नंतर चिकटलं असावं.

इथे वाचन धाकट्या नातीकडे. हिंदी शाळेमुळे देवनागरी सराईत, फक्त ‘ळ’ला जीभ अडते. आजी मध्येच टोकत नाहीत. आज 148 वं स्तोत्र आहे. त्यात तरुण, कुमारी, म्हातारे आणि मुलं एकाच ओळीत स्तवनाला बोलावलेत.

मग प्रार्थना. आजोबा नातवाच्या बोर्डाच्या परीक्षेसाठी मागतात, नातू आजोबांच्या गुडघ्यासाठी. आता दुसऱ्यासाठी मागायचं, तर त्याचं काय चाललंय हे आधी विचारावं लागतं. शनिवारी रात्री या घरात ती विचारपूस होते. आम्हाला सगळ्यात मोलाची वाटली ती हीच.

प्रवचनाच्या लांबीवर तोडगा निघालेला नाही. आजोबा रंगले की घड्याळ बघत नाहीत. पण ही तक्रार बायबलइतकीच जुनी आहे. त्रोवस शहरात प्रेषित पौलाचं भाषण मध्यरात्रीपर्यंत लांबलं, तेव्हा खिडकीत बसलेला युतुख नावाचा तरुण झोपेत तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला. पौल खाली धावला, त्याला कवटाळलं, “जिवंत आहे” म्हणाला. मग वर जाऊन उजाडेपर्यंत बोलत राहिला.