घरात पैसे आले की मुलांचं काय होतं?

दप्तराच्या तळाशी घडी घालून दडवलेली चिठ्ठी तुमच्यापैकी अनेक शिक्षकांनी पाहिली असेल. सहलीचे पैसे भरायची चिठ्ठी. मुलगी ती घरी दाखवतच नाही, आणि सहलीच्या दिवशी सकाळी तिचं पोट दुखतं. आईबापांवर 'नाही' म्हणायची वेळ येऊ नये म्हणून नऊ वर्षांची पोर स्वतःच नाही म्हणून मोकळी होते. गरिबीचं ओझं मुलांच्या मनावर असतं, हे मला वेगळं सिद्ध करून नको आहे. घरात पैसे आले तर ते उतरतं का, एवढंच मला बघायचं आहे.

हे तपासणं अवघड, कारण पैशाबरोबर घरात इतरही बरंच काही बदलतं. अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगराळ भागात योगायोगानं संधी आली. संशोधक जेन कॉस्टेलो आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून १,४२० मुलांच्या मानसिक आरोग्याचा मागोवा घेत होते. त्यांतली सुमारे पाव मुलं चेरोकी या आदिवासी जमातीची. अभ्यास चालू असतानाच जमातीच्या जमिनीवर कॅसिनो उघडला आणि त्याच्या नफ्याचा वाटा जमातीतल्या प्रत्येकाला मिळू लागला. कुणी जास्त राबलं म्हणून नव्हे, कुणी हुशार निघालं म्हणूनही नव्हे.

२००३ साली निष्कर्ष आले. जी घरं गरिबीतून वर आली, तिथल्या मुलांचा आडमुठेपणा, मारामाऱ्या, असल्या वर्तनाच्या तक्रारी सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या, जवळपास कधीच गरीब नसलेल्या मुलांइतक्या खाली आल्या. का? तर आईवडिलांना मुलांकडे लक्ष द्यायला सवड मिळाली. पोर कुठे आहे, कुणाबरोबर आहे, हे घरात कुणाला तरी ठाऊक असू लागलं. मला हे फार मोलाचं वाटतं. गरीब आईबाप बेपर्वा असतात, असं आपण किती सहज बोलून जातो!

पण चिंता आणि उदासी मात्र फारशी कमी झाली नाही. दप्तरात चिठ्ठी दडवणारी मुलगी कुणाला त्रास देत नाही. ती गप्प असते. तिच्यापर्यंत हा पैसा तितकासा पोचला नाही, ही गोष्ट माझ्या मनातून जात नाही.

म्हणूनच आफ्रिकेतल्या मलावी या देशातला प्रयोग मला महत्त्वाचा वाटतो. तिथे झोंबा जिल्ह्यात शाळकरी मुलींच्या कुटुंबांना दोन वर्षं दरमहा रोख रक्कम दिली. काहींना विनाअट, काहींना 'मुलगी शाळेत नियमित आली तरच'. मानसिक त्रासाची शक्यता विनाअट गटात ३८ टक्क्यांनी कमी दिसली, अटीच्या गटात फक्त १७ टक्क्यांनी. शिवाय अट असलेल्या घरांत पालकांच्या हाती पडणारी रक्कम जितकी मोठी, तितका मुलीला होणारा फायदा कमी. नीट विचार करा: आज ताप आहे म्हणून शाळा बुडवली, तर घरातले पैसे बुडणार. म्हणजे चूल पेटती ठेवायची जबाबदारी पुन्हा तिच्याच दप्तरात. हजेरी भरते, कागदावर योजना यशस्वी ठरते, आणि मुलगी पहिल्यापेक्षा जास्त घाबरून झोपते, असं होऊ शकतं.

दोन वर्षांनी पैसे थांबले. त्यानंतर थोड्याच काळात, विनाअट गटातल्या मुलींनाही मिळालेला आराम ओसरला.